पाच मतांची गोष्ट

मतदानाचा दिवस जवळ आला की गावच्या पारावर एक बोलणे हमखास ऐकू येते.

"आजोबा, येताय ना मत द्यायला?"

"छे रे बाबा! एवढ्या हजारो मतांत माझ्या एका मतानं काय व्हायचंय?"

आजोबांचे म्हणणे पटकन खोडून काढता येत नाही. एक दाणा काढला म्हणून पोते रिकामे होत नाही. मग एक मत दिले काय, न दिले काय, असे कोणालाही वाटते.

म्हणून आज आपण एका मतदारसंघाची हकिगत वाचू. हा मतदारसंघ आपल्या देशातला नाही. तो विलायतेत, लंडन शहरात होता. त्याचे नाव फिन्सबरी मध्य. १८८५ साली तो जन्माला आला आणि १९१८ साली नाहीसा झाला. अवघे ३३ वर्षांचे आयुष्य! माणसाचेसुद्धा आयुष्य यापेक्षा मोठे असते. पण तेवढ्या काळात तेथे फक्त पाच मतांनी एक निकाल लागला. त्या निकालाशी आपल्या देशाचा जवळचा संबंध आहे.

शेताची वाटणी

आधी मतदारसंघ म्हणजे काय ते पाहू. सारा देश एका जागी जमून कारभार करू शकत नाही. म्हणून देशाचे भाग पाडतात. प्रत्येक भागातले लोक आपला माणूस निवडून सभेत पाठवतात. अशा एका भागाला मतदारसंघ म्हणतात. आपली लोकसभा दिल्लीत बसते. इंग्लंडची तशीच सभा लंडनमध्ये बसते. तिला हाउस ऑफ कॉमन्स म्हणतात. ती इंग्लंडच्या पार्लमेंटचा भाग आहे.

१८३२ साली लंडनमधल्या फिन्सबरी या भागाला मतदारसंघ केले. तेथून दोन सभासद निवडले जात. पुढे लंडन वाढले. माणसे दाटीने राहू लागली. तेव्हा १८८५ साली कायदा करून मतदारसंघांची नव्याने मांडणी झाली. बापाच्या एका मोठ्या शेताची मुलांत वाटणी होते आणि नवे बांध पडतात, तसेच हे झाले. जुन्या फिन्सबरीचे तुकडे पडले. त्यातल्या एका तुकड्याचे नाव फिन्सबरी मध्य. तेथून एकच सभासद निवडायचा होता.

क्लार्कनवेल ही वस्ती या मतदारसंघाचा मुख्य भाग होती. तेथे घड्याळे करणारे कारागीर पुष्कळ होते. कोणी घड्याळाचे काटे करी, कोणी कमान करी, कोणी डबी करी. लहान लहान खोल्यांत ही कामे चालत. सोनारकाम करणारे आणि छापखान्यात काम करणारेही तेथे राहत. हाताने काम करून पोट भरणाऱ्यांची ती वस्ती होती.

हक्कासाठी बोलणे या वस्तीला नवे नव्हते. १८४२ साली इंग्लंडमधल्या कष्टकरी लोकांनी पार्लमेंटला एक मोठा अर्ज केला. प्रत्येक पुरुषाला मत द्या, आणि मत गुप्त ठेवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. अर्जावर तीस लाखांहून जास्त सह्या होत्या. तो अर्ज पार्लमेंटात मांडणारे सभासद थॉमस डंकम हे फिन्सबरीचेच होते. पार्लमेंटाने तो अर्ज फेटाळला. पण मागणी काही मेली नाही. १८६७ साली शहरांतल्या घर करून राहणाऱ्या पुरुषांना मत मिळाले. १८७२ साली गुप्त मतदान सुरू झाले.

मत कोणाला होते?

तुम्ही म्हणाल, मग १८८५ साली सगळ्यांनाच मत असेल! तसे नव्हते.

बायकांना मत नव्हते. एकवीस वर्षांखालच्या पुरुषांना मत नव्हते. बापाच्या घरात राहणाऱ्या थोरल्या मुलाला बहुधा मत नसे. मालकाच्या घरी राहणाऱ्या नोकराला मत नसे. गरिबीमुळे ज्याने सरकारी धर्मादाय मदत घेतली, त्याचे मत जाई. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मत हवे असेल, तर खोली वर्षाला दहा पौंड भाड्याच्या लायकीची असावी लागे. शिवाय त्याने वर्षभर त्याच घरात राहिले पाहिजे. दरसाल नवा अर्जही केला पाहिजे. काम सुटले, घर बदलले, की मत गेले. उलट ज्याची मालमत्ता दोन मतदारसंघांत होती, तो दोन्हीकडे मत देऊ शकत असे. साऱ्या देशाचा विचार केला, तर वयात आलेल्या दहा पुरुषांपैकी सुमारे सहांचीच नावे मतदार यादीत होती.

या यादीवरून मोठी झटापट होई. दरसाल यादी तपासायला एक वकील बसत. पक्षांची माणसे तेथे हजर राहत. "आमच्या माणसाचं नाव घाला, त्यांच्या माणसाचं नाव काढा," असा वाद चाले. निवडणुकीचा अर्धा निकाल यादीतच लागून जाई म्हणा ना!

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी विलायतेतल्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापलेली असत. चित्र किंवा चिन्ह नसे. ज्याला वाचता येत नसे, त्याने मतदान अधिकाऱ्याला तसे सांगायचे. मग अधिकारी त्याच्यासाठी खूण करी. त्या वेळी उमेदवारांची माणसेही समोर असत. म्हणजे ज्याला वाचता येई, त्याचे मत गुप्त. ज्याला वाचता येत नसे, त्याचे मत चारचौघांसमोर! आपल्या देशात १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा ही अडचण ओळखून उमेदवारांना चिन्हे दिली होती. न वाचणाऱ्यालाही आपले मत आपल्यापाशी ठेवता यावे, हा त्यातला हेतू होता.

पहिल्या दोन निवडणुका

त्या काळी इंग्लंडमध्ये दोन मोठे पक्ष होते. एक उदार पक्ष आणि दुसरा हुजूर पक्ष. १८८५ साली फिन्सबरी मध्यची पहिली निवडणूक झाली. उदार पक्षाचे हॉवर्ड स्पेन्सली निवडून आले. पण त्यांना ही जागा फार दिवस लाभली नाही. आयर्लंडला स्वराज्य द्यावे की नाही, यावरून उदार पक्ष फुटला. १८८६ साली पुन्हा निवडणूक झाली. या वेळी हुजूर पक्षाचे कॅप्टन फ्रेडरिक थॉमस पेंटन निवडून आले. त्या भागात पेंटन घराण्याच्या मोठ्या जमिनी होत्या.

त्याच वर्षी शेजारच्या होबर्न मतदारसंघात एक हिंदी गृहस्थ उदार पक्षाकडून उभे होते. ते म्हणजे दादाभाई नवरोजी.

दादाभाई कोण?

दादाभाई जातीने पारशी. जन्म १८२५ सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणित शिकवत. पुढे ते विलायतेत गेले. इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थान गरीब का होत आहे, याचा त्यांनी आकडे मांडून हिशेब केला. आपल्या देशाचा पैसा दरसाल विलायतेकडे वाहून जातो, हे त्यांनी दाखवले. पण हे सांगायचे कोणाला? हिंदुस्थानचा कारभार शेवटी लंडनच्या पार्लमेंटच्या हाती होता. तेथे हिंदी लोकांच्या वतीने बोलणारा हिंदी माणूस नव्हता. म्हणून दादाभाईंनी ठरवले, की त्या सभेतच जायचे.

होबर्नला दादाभाई हरले. त्यांना १,९५० मते पडली. त्यांच्या विरुद्ध उभे असलेल्या कर्नल डंकन यांना ३,६५१ मते पडली. फरक थोडाथोडका नव्हता, १,७०१ मतांचा होता. पण दादाभाईंनी हाय खाल्ली नाही. त्यांनी दुसरा मतदारसंघ शोधला. १८८८ साली फिन्सबरी मध्यच्या उदार पक्षाच्या मंडळींनी त्यांना उमेदवार ठरवले.

त्याच वर्षी एक प्रकार घडला. इंग्लंडचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी हे हुजूर पक्षाचे होते. एडिनबरो शहरात भाषण करताना त्यांनी होबर्नच्या निवडणुकीचा उल्लेख केला. इंग्रज मतदारसंघ एखाद्या काळ्या माणसाला निवडून देईल अशी वेळ अजून आलेली नाही, अशा अर्थाचे ते बोलले. दादाभाईंना कमी लेखण्यासाठी हे बोलणे होते. पण झाले उलटेच! पुष्कळ इंग्रजांना हे बोलणे रुचले नाही. वर्तमानपत्रांनी टीका केली. ज्यांनी दादाभाईंचे नावही ऐकले नव्हते, त्यांना ते कळले.

तरी वाट सोपी नव्हती. पक्षातच काही लोकांना दादाभाई नको होते. दुसरा माणूस उभा करावा, असे त्यांचे म्हणणे होते. चार वर्षे ही ओढाताण चालली. दादाभाई मात्र मतदारसंघात हिंडत राहिले. सभा घेत राहिले. आयर्लंडला स्वराज्य मिळावे, बायकांना मत मिळावे, कामगारांच्या भल्याचे कायदे व्हावेत, असे ते सांगत. फिन्सबरीत हिंदी मतदार जवळजवळ नव्हतेच. तेथल्या कारागिरांना आपले म्हणणे पटवणे, हा एकच मार्ग होता.

१८९२ ची मोजणी

जुलै १८९२ मध्ये मतदान झाले. एका बाजूला कॅप्टन पेंटन, दुसऱ्या बाजूला दादाभाई. मते मोजली, तेव्हा दादाभाई तीन मतांनी पुढे निघाले. फक्त तीन! पुन्हा मोजणी झाली. या वेळी आकडे असे आले:

दादाभाई नवरोजी: २,९६१
कॅप्टन पेंटन: २,९५६

वजाबाकी करा. फरक किती? पाच.

आता पाटीवर एक हिशेब मांडून पाहा. दादाभाईंच्या मतदारांपैकी सहा जण त्या दिवशी घरीच बसले असते, तर? २,९६१ मधून ६ वजा केले की राहिले २,९५५. म्हणजे दादाभाई एका मताने पडले असते.

दुसरा हिशेब करा. त्यांच्यापैकी तिघांनीच मन बदलून पेंटनना मत दिले असते, तर? दादाभाईंची मते २,९५८ आणि पेंटनची २,९५९. पुन्हा दादाभाई एका मताने पडले!

जवळजवळ सहा हजार माणसांनी मते दिली आणि निकाल तीन माणसांच्या हातात होता. ही तीन माणसे कोण, हे कोणीच सांगू शकत नाही. कदाचित कोणी घड्याळाचे काटे करणारा असेल. काम संपवून, थकून भागून तो मतदानाला गेला असेल. जाताना त्यालाही वाटले असेल, "माझ्या एका मतानं काय व्हायचंय?" पण तो गेला.

लोकांनी या निकालावरून दादाभाईंना गमतीचे नाव दिले. इंग्रजीत थोड्या मताधिक्याला 'नॅरो मेजॉरिटी' म्हणतात. नवरोजी आणि नॅरो मेजॉरिटी, ऐकायला सारखेच! पेंटन यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. पण दादाभाईंची जागा कायम राहिली. हिंदुस्थानची बाजू मांडण्यासाठी पार्लमेंटात निवडून गेलेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

त्या पाच मतांनी काय झाले?

त्या काळी हिंदुस्थानातल्या मोठ्या सरकारी नोकऱ्यांची परीक्षा फक्त लंडनमध्ये होई. आपल्या मुलांना समुद्र ओलांडून तेथे जावे लागे. खर्च मोठा, प्रवास लांबचा. ही परीक्षा हिंदुस्थानातही त्याच वेळी घ्यावी, असा ठराव जून १८९३ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सपुढे आला. दादाभाईंनी त्याला पाठिंबा दिला. ठरावाच्या बाजूने ८४ मते पडली, विरुद्ध ७६. आठ मतांनी ठराव पास झाला. सरकारने मात्र तो अमलात आणला नाही. निवडून जाणे वेगळे आणि सरकारकडून काम करून घेणे वेगळे, हेही यावरून कळते.

१८९३ च्या डिसेंबरात दादाभाई हिंदुस्थानात आले. मुंबईच्या लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. लाहोरला काँग्रेसचे अधिवेशन होते. त्याचे ते अध्यक्ष झाले.

१८९५ साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करायला लॉर्ड वेल्बी यांचे कमिशन नेमले गेले. दादाभाईंना त्यात घेतले. १८९७ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले यांनी लंडनला जाऊन या कमिशनपुढे साक्ष दिली. रयतेचा पैसा कसा खर्च होतो, हे आपल्या माणसाने तेथे उघड मांडले.

वारा फिरला

१८९५ सालीच पुन्हा निवडणूक झाली. देशभर हुजूर पक्षाचा जोर होता. फिन्सबरी मध्यमध्ये त्या पक्षाचे मॅसी-मेनवेरिंग निवडून आले. दादाभाई पडले. या वेळी फरक पाच मतांचा नव्हता, शेकड्यांत होता. १९०० सालीही मॅसी-मेनवेरिंग हेच आले. दादाभाईंना पुन्हा पार्लमेंटात जाता आले नाही. पण १९०६ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी स्वराज्याची मागणी मांडली.

त्याच १९०६ साली फिन्सबरी मध्यने पुन्हा कूस बदलली. तेथून विल्यम स्टेडमन निवडून आले. ते मूळचे माल वाहणाऱ्या होड्या बांधणारे कामगार. पुढे कामगार संघटनेचे पुढारी झाले होते. उदार पक्षाच्या पाठिंब्याने ते उभे होते. ज्या वस्तीत कष्टकरी राहत, तेथून एक कष्टकरी पार्लमेंटात गेला.

१९१० साली दोनदा निवडणूक झाली, जानेवारीत आणि डिसेंबरात. दोन्ही वेळा हुजूर पक्षाचे मार्टिन आर्चर-शी निवडून आले. तेच फिन्सबरी मध्यचे शेवटचे सभासद.

बांध मोडला

पुढे १९१४ ते १९१८ असे मोठे महायुद्ध झाले. युद्ध संपत आले तेव्हा, १९१८ साली, इंग्लंडमध्ये नवा कायदा झाला. एकवीस वर्षांवरच्या पुरुषांना मत मिळाले. तीस वर्षांवरच्या पुष्कळ बायकांनाही पहिल्यांदा मत मिळाले. बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला मात्र १९२८ साल उजाडावे लागले.

याच कायद्याने मतदारसंघांचे बांध पुन्हा बदलले. फिन्सबरी मध्य आणि फिन्सबरी पूर्व मिळून फिन्सबरी नावाचा एकच मतदारसंघ झाला. फिन्सबरी मध्य हे नाव नकाशावरून पुसले गेले. दादाभाईंचे त्याआधी एकच वर्ष, ३० जून १९१७ रोजी, मुंबईत निधन झाले होते.

मतदारसंघ गेला, तरी आठवण राहिली. क्लार्कनवेल भागात एका रस्त्याला नवरोजी यांचे नाव आहे. आपल्या मुंबईतही बोरीबंदरजवळच्या मोठ्या रस्त्याला दादाभाई नवरोजी रस्ता म्हणतात. मुंबईला गेलात, तर पाटीवरचे नाव वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

आजोबांना काय सांगाल?

क्लार्कनवेलच्या कारागिराला मतासाठी वर्षभर एकाच घरात राहावे लागे, भाडे दाखवावे लागे. त्याच्या बायकोला तर मतच नव्हते. आपल्या राज्यघटनेने अशा अटी ठेवल्या नाहीत. पहिल्या निवडणुकीपासून बाई असो, पुरुष असो, श्रीमंत असो, गरीब असो, प्रत्येक सज्ञान माणसाला एक मत मिळाले. तेव्हा वयाची अट २१ वर्षे होती. १९८९ पासून ती १८ वर्षे झाली.

पण यादीत नाव पाहिजे, ही गोष्ट तेथे खरी होती आणि येथेही खरी आहे. नाव नसेल, तर मतदान केंद्रावर जाऊन हात हलवत परत यावे लागते. म्हणून यादी लागली की आपले नाव स्वतः वाचून पाहा. घरातल्या सुनेचे, वयात आलेल्या मुलाचे नाव पाहा. चुकले असेल, तर वेळेत दुरुस्त करून घ्या.

आणि पारावर आजोबा भेटले, तर त्यांना फिन्सबरीची गोष्ट सांगा. म्हणा, "आजोबा, तिकडं सहा माणसं घरी बसली असती, तर दादाभाई पडले असते. तुम्ही त्या सहांतले होऊ नका. चला, मी येतो संगती."

नवे शब्द

मताधिक्य: जिंकणाऱ्याला जास्त पडलेली मते
मतपत्रिका: मत देण्याचा छापील कागद
सार्वत्रिक निवडणूक: साऱ्या देशात होणारी निवडणूक
सज्ञान: कायद्याने वयात आलेला

उत्तरे लिहा

१. फिन्सबरी मध्य हा मतदारसंघ किती वर्षे टिकला?
२. वाचता न येणाऱ्याचे मत तेथे गुप्त का राहत नसे?
३. १८९२ साली दादाभाईंना आणि पेंटन यांना किती मते पडली? फरक काढा.
४. तुमच्या ग्रामपंचायतीच्या गेल्या निवडणुकीत तुमच्या वॉर्डात किती मतांनी निकाल लागला? विचारून लिहा.
५. तुमच्या घरातील किती जणांची नावे मतदार यादीत आहेत? यादी वाचून लिहा.